रोलर फ्रेम घेताय? आधी या चुका टाळा

स्क्रीन प्रिंटिंग करताना दोन रंग जुळेनात. डिझाइनची फिल्म पुन्हा काढली, प्रेस पुन्हा सेट केली, तरी फरक तसाच. अशा वेळी दोन्ही स्क्रीनवर, म्हणजे फ्रेमवर ताणलेल्या जाळीवर, टेन्शन मीटर (जाळीचा ताण मोजणारं उपकरण) ठेवून बघा. एकीवर 25 न्यूटन प्रति सेंटिमीटर आणि दुसरीवर 14 दिसले, तर रंग जुळणं कठीणच. ढिली जाळी स्क्वीजीबरोबर, म्हणजे शाई ओढणाऱ्या रबरी पट्टीबरोबर, पुढे ओढली जाते. इथूनच लोक रोलर फ्रेमकडे वळतात, जिचे रोलर पान्याने फिरवून जाळी पुन्हा ताणता येते. फ्रेमवर भरपूर खर्च करतात, मीटर मात्र घेत नाहीत. टिचकी मारून टेन्शन कळत नसतं. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर माझं मत स्पष्ट आहे, आधी मीटर घ्या. जाळीच्या उभ्या आणि आडव्या, दोन्ही दिशांनी मोजा.

रोलर फ्रेमवर जाळी कधीच सैल पडत नाही, हा गैरसमज. पॉलिस्टरची नवी जाळी कुठल्याही फ्रेमवर सैलावतेच. इथे ती पुन्हा ताणता येते, इतकंच. म्हणून एका दमात शेवटचा आकडा गाठायला जाऊ नका. थोडं ताणा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग पुढे. सुरुवातीच्या काही कामांमध्ये, दर वेळी इमल्शन (जाळीवरचा डिझाइनचा लेप) उतरवलं की पुन्हा ताणून घ्या. हळूहळू जाळी स्थिरावते. जाळीवर डिझाइन असताना पान्याला हात लावायचा नाही, नाहीतर डिझाइनही ताणलं जाईल.

जाळी फाटली तर कुठे फाटली ते बघा. कोपऱ्यात फाटत असेल तर बहुधा बसवण्यात चूक आहे. तिथे दोन्ही दिशांचा ताण एकत्र येतो, म्हणून जाळी रोलरमध्ये अडकवणारी पट्टी लावताना कोपऱ्यात जाळीचं थोडं कापड सैल सोडावं लागतं. हात बसेपर्यंत दोन-चार जाळ्या जातात, त्याची तयारी ठेवा. छपाई करताना मध्येच फाटली तर स्क्वीजीची टोकं तपासा. आणि ताणतानाच फाटली तर धाग्याची जाडी. मेश म्हणजे एका इंचातले धागे. 156 मेश 64 मायक्रॉनच्या धाग्यात मिळते, 150 मेश 48 मायक्रॉनमध्ये. मेश जवळपास सारखीच, पण पातळ धागा कमी ताण सोसतो. कमाल टेन्शन जाळी बनवणाऱ्याच्या तक्त्यात असतं. दुसऱ्या प्रिंटरने सांगितलेला आकडा आपल्या जाळीला लागू पडेलच असं नाही.

फ्रेमचं बाहेरचं माप बघून ऑर्डर देऊ नका. रोलरची जाडी धरून आत किती जागा उरते आणि स्क्वीजीच्या चारही बाजूंना पुरेशी मोकळी जाळी राहते का, ते मोजा. फ्रेम प्रेसच्या क्लॅम्पमध्ये बसते का, बाहेर आलेले बोल्ट एक्स्पोजर मशीनच्या (प्रकाशाने जाळीवर डिझाइन उतरवणाऱ्या यंत्राच्या) रबरी शीटला लागतात का, हेही आधीच बघा. जाळी ताणून झाली की फ्रेम सपाट काचेवर ठेवून समोरासमोरचे कोपरे दाबा. डगमगली तर रोलर एका पातळीत नाहीत.

टेन्शन वाढलं की ऑफ-कॉन्टॅक्टचं, म्हणजे जाळी आणि छापायची वस्तू यांच्यातलं, अंतर कमी करायचं. बरेच जण जुनंच अंतर ठेवतात आणि स्क्वीजीवर जोर देऊन जाळी खाली दाबत बसतात. त्यात जाळी विनाकारण ताणली जाते आणि लवकर सैल पडते.