कागदासाठीची गोळी आणि हरणासाठीची गोळी

६.५ क्रीडमूर या काडतुसाची रायफल नव्याने घेतलेला माणूस हमखास विचारतो: टार्गेटच्या गोळीचा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, लहान येतो, मग शिकारीलाही तीच का नेऊ नये? मी कोलोराडोत राहतो. उन्हाळाभर रेंजवर कागदावर नेम धरतो आणि हंगाम उघडला की परवाना काढून म्यूल डिअर या हरणाच्या मागे डोंगरात जातो. (भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा विषय मिटला, इथे मात्र वन्यजीव खातंच परवाने वाटून देतं.) माझं उत्तर ठाम आहे: नेऊ नका. पण दोन्हींची तुलना जरूर करा. शिकारीच्या गोळीवर किती अंतरापर्यंत भरवसा ठेवायचा, हे त्याशिवाय कळत नाही.

तुलनेला एकाच कंपनीच्या दोन गोळ्या घ्या. मी हॉर्नडी कंपनीची टार्गेटसाठीची १४० ग्रेन ईएलडी मॅच आणि शिकारीसाठीची १४३ ग्रेन ईएलडी-एक्स घेतो (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप). तयार काडतुसांचा वेग कंपनी अनुक्रमे २७१० आणि २७०० फूट प्रतिसेकंद सांगते. हवेत वेग टिकवण्याचा आकडा, म्हणजे जी-१ बॅलिस्टिक कोएफिशंट, ०.६४६ आणि ०.६२५. या आकड्यांवरून लोक तासन्‌तास वाद घालतात, म्हणून हिशेबच मांडतो. समुद्रसपाटीच्या हवेत ताशी १० मैलांचा आडवा वारा ५०० यार्डांवर यातल्या कुठल्याही गोळीला साधारण १४-१५ इंच सरकवतो. दोघींमधला फरक जेमतेम अर्ध्या इंचाचा. तुम्ही वारा ताशी दोनच मैलांनी चुकीचा ओळखलात, तर तीन इंच गेले. तेव्हा कोएफिशंटच्या तिसऱ्या दशांश स्थळापेक्षा गवत कसं हलतंय ते बघायला शिका.

खरा फरक गोळीच्या पोटात आहे. मॅच गोळीचं तांब्याचं आवरण पातळ आणि सगळीकडे अगदी सारखं असतं, कारण तिला फक्त एकसारखं उडायचं असतं. ईएलडी-एक्सचं आवरण मागच्या बाजूला जाड असतं आणि आतल्या बाजूला शिशाला धरून ठेवणारं एक कडं असतं. त्यामुळे पुढचा भाग उमलतो आणि मागचा एकसंध राहून खोल जातो. मॅच गोळी जवळून खांद्याच्या हाडावर बसली तर वरच्यावरच फुटू शकते. कधी न उमलता बारीक भोक पाडून आरपार जाते. दोन्ही वेळा जनावर जखमी होऊन पळतं आणि कुठल्यातरी घळीत रात्रभर तडफडतं. कागदावरचा पाव इंच वाचवण्यासाठी ही किंमत मला कधीच मान्य होणार नाही.

आता चाचणी. दोन्ही गोळ्या एकाच दिवशी, रायफल टेकवायच्या एकाच आधारावरून (रेस्ट), १०० यार्डांवर मारा. पाच ह्या, मग नळी गार होऊ द्या, मग पाच त्या. असं करत प्रत्येकीच्या किमान दहा. तीन गोळ्यांचा सुंदर ग्रुप नशिबानेही येतो, त्याचा फोटो काढून पाठवू नका. दोन्ही ग्रुपचा मध्य कुठे आहे तेही पाहा. वजन आणि वेग इतके जवळ असूनही मध्य सरकलेला असू शकतो, म्हणून शिकारीला निघण्यापूर्वी स्कोपचा शून्य, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी बसेल अशी जुळवणी, शिकारीच्या गोळीनेच बसवायचा. मग तीच गोळी ३०० यार्डांवर मारून बघा.

आणखी एक सवय लावून घ्या, मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. रेंजवर पोचलात की थंड नळीतून पहिला बार शिकारीच्या गोळीचा, आणि तो वेगळ्या जपून ठेवलेल्या कागदावर. दर खेपेला तोच कागद. हंगामापर्यंत त्यावर जो ग्रुप साठतो तो तुमचा खरा ग्रुप, कारण डोंगरात तुम्हाला तो पहिलाच बार मिळणार असतो.

समजा मॅच गोळीचा ग्रुप पाऊण मिनिटाचा येतो आणि ईएलडी-एक्सचा सव्वा. मिनिट म्हणजे इथे कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग; एक मिनिट म्हणजे १०० यार्डांवर साधारण एक इंच. ३०० वर सव्वा मिनिटाचे होतात चार इंचांहून थोडे कमी. हरणाच्या काळीज-फुप्फुसाचा भाग आठ-नऊ इंच धरला, तर ही गोळी पुरेशी अचूक आहे. ढिलाई असेल तर ती तुमच्या बसण्यात आणि चाप ओढण्यात शोधा. बेंचवरून उठून, गुडघ्यावर आणि पाठपिशवीवर टेकून तोच नेम धरा, आणि तिथे जे अंतर जमेल तीच तुमची मर्यादा.

कायदाही पाहा. कोलोराडोत हरणासाठी उमलणारीच गोळी लागते, किमान ७० ग्रेनची. एल्क आणि मूस या मोठ्या हरणांसाठी ८५. शिवाय १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड ऊर्जा हवी, आणि ६.५ क्रीडमूर ती सहज देते.

शेवटी खोक्यांकडे लक्ष द्या. या दोन्ही गोळ्यांची टोकं लाल असतात आणि खिशातल्या सुट्या काडतुसांत त्या पटकन ओळखू येत नाहीत. मी मॅचची खोकी रेंजच्या पेटीतून बाहेरच काढत नाही. चाचणीला वापरलेल्या लॉट नंबरचीच, म्हणजे कारखान्यात त्याच खेपेत बनलेली, ईएलडी-एक्सची दोन खोकी हंगामासाठी वेगळी ठेवतो आणि ती गोळी किती अंतरावर किती खाली येते याचा तक्ता रायफलच्या दस्त्यावर चिकटवतो.