जुन्या ड्रेन पाईपला डिशवॉशर जोडण्याआधी

डिशवॉशरचा खोका अजून उघडला नसेल तर तसाच राहू द्या. आधी सिंकखालचं कपाट रिकामं करा, बॅटरी घ्या आणि आतला पाईप नीट बघा. मी उलट केलं होतं. मशीन जागेवर बसवलं, त्याची नळी जुन्या पाईपला जोडली, बटण दाबलं आणि थोड्याच वेळात काळं, ओशट पाणी सिंकच्या जाळीतून वर आलं. मशीनचा काही दोष नव्हता. पाईप लोखंडी होता आणि आतून गंजून इतका अरुंद झाला होता की माझी करंगळीही जेमतेम आत जात होती. नळाची बारीक धार त्यातून बिनबोभाट जायची, म्हणून आम्हाला कधी कळलंच नाही. डिशवॉशरचा पंप मात्र तळात साठलेलं तीन-चार लिटर पाणी एका दमात ढकलतो.

म्हणून पहिली परीक्षा पाण्याची. सिंकला बूच लावा, काठोकाठ भरा आणि बूच एकदम काढा. पाणी गरगरत झरझर उतरलं पाहिजे. मध्येच थबकलं किंवा शेजारच्या सिंकमधून वर आलं, तर पुढे कुठेतरी अडलंय. पाणी उतरत असताना प्रत्येक सांध्याखालून कोरडा टिश्यू पेपर फिरवा. डोळ्यांना न दिसणारी गळती कागदावर लगेच उमटते.

मग पाईप कशाचा आहे ते ओळखा. चुंबक चिकटला तर लोखंड. चिकटला नाही, पाईप मऊ आहे आणि खरवडल्यावर आतून चंदेरी चमकतो, तर ते शिसं असू शकतं. त्याला स्वतः करवत लावू नका, त्याची धूळ विषारी असते; ते काम जाणत्या प्लंबरला द्या. चकचकीत मुलामा दिलेला पितळी ट्रॅप (सिंकखालचा वळणदार पाईप, ज्यात थोडं पाणी साठून राहतं) वरून धडधाकट दिसतो, पण खालच्या वळणावर अंगठ्याने दाबून बघा. पत्रा दबला तर तो ट्रॅप संपला.

तुंबलंय म्हणून ड्रेन साफ करायचं रसायन ओतायचा मोह होतो. मी ओतत नाही. ते ट्रॅपमध्ये साठून राहतं आणि आपण नट सैल केला की हातातोंडावर येतं. आधीच कुणी ओतलं असेल तर भरपूर पाणी सोडा, हातमोजे आणि चष्मा घालूनच खोला, आणि त्यावर दुसरं रसायन अजिबात ओतू नका.

खोलताना खाली बादली ठेवा, आणि घाई नको. जुन्या नटावर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवलं की सकाळी तो बऱ्याचदा सुटतो. इथे एक गोष्ट जिवापाड सांभाळा: दोन पान्हे वापरा. एकाने पाईप घट्ट धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा. एकाच पान्ह्याने जोर लावला तर तो पीळ थेट भिंतीतल्या सांध्यापर्यंत जातो, आणि तो तुटला की भिंत फोडावी लागते. भिंतीतून आलेला तुकडा हलतच नसेल तर हट्ट करू नका. जिथे पाईप सरळ आणि ठणठणीत आहे तिथे काटकोनात कापा, कड कानशीने गुळगुळीत करा आणि दोन स्टीलच्या क्लॅम्पची रबरी कपलिंग लावून नवा प्लास्टिक पाईप जोडा. उघड्या तोंडात चिंधी कोंबा, म्हणजे वास येणार नाही. तिचं एक टोक बाहेर बांधून ठेवा, नाहीतर ती आत जाते.

घड्या असलेला लवचिक पाईप लावायला सोपा, पण प्रत्येक घडीत चिकट थर बसतो. मी तो काढून गुळगुळीत पाईप लावते. आडव्या पाईपला मीटरमागे साधारण 2 सेंमी उतार द्या आणि आधाराच्या क्लिपा लावा, कारण गरम पाण्याने पीव्हीसी मऊ पडून मध्ये झोळतो. ट्रॅपमध्ये निदान 50 मिमी पाणी उभं राहायला हवं. गटाराचा वास तेच अडवतं.

मशीनची नळी ट्रॅपच्या वर, बाजूला तोंड असलेल्या तुकड्यावर जोडायची. ते तोंड नवं असताना बऱ्याचदा आतून बंद असतं. पडदा कापायला विसरलात तर पाणी बाहेर जाणारच नाही. नळी आधी ओट्याच्या खालच्या बाजूला जितकी उंच नेता येईल तितकी नेऊन तिथे पट्टीने बांधा, मग खाली वळवून जोडा. हे वळण नसेल तर सिंकमधलं घाण पाणी मशीनमध्ये, धुतलेल्या भांड्यांवर येऊ शकतं. किती उंची हवी ते मशीनच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, तेच पाळा.

टेफ्लॉन टेप फक्त धातूच्या आट्यांवर गुंडाळा. रबरी वायसरच्या नटांवर ती नको, तिथे वायसरच पाणी धरतो. त्याची निमुळती बाजू सांध्याच्या आत जाते. नट हाताने घट्ट करून वर पाव फेरा पुरतो.

आता मशीन रिकामंच, सगळ्यात छोट्या प्रोग्रॅमवर चालवा. सिंकखाली कोरडे कागद अंथरा आणि पंप सुरू झाला की तिथेच बसून बघा. मशीन मागे ढकलताना नळी दुमडत नाही ना, हेही बघा. कागद मात्र आठवडाभर काढू नका. माझ्या बहिणीकडे पहिले दोन दिवस सगळं कोरडं होतं. तिसऱ्या दिवशी एका नटाखाली रुपयाएवढा ओला डाग दिसला. नट पाव फेरा आवळला आणि नवा कागद ठेवला.