मोटरहोममधला कमोड बदलताना: आधी मोजमाप, मग खरेदी

मोटरहोममधला, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीतला कमोड दिसायला घरच्यासारखाच, पण आतून साधा. घरच्या कमोडला खाली वळणदार नळी असते आणि त्या वळणात साठलेलं पाणी वास अडवतं. गाडीत ते वळण नाही. भांड्याच्या तळाशी एक झडप, तिच्याभोवती रबरी सील आणि थेट खाली मैल्याची टाकी. पेडल दाबलं की पाणी येतं, झडप उघडते, मैला स्वतःच्या वजनाने खाली पडतो. झडप मिटल्यावर तिच्यावर थोडं पाणी उरतं आणि टाकीतला वास तेवढं पाणीच अडवून धरतं.

म्हणून कमोड बिघडला की लगेच नवा शोधू नका. आधी दुखणं नेमकं कुठे आहे ते पाहा.

बदलायची खरंच गरज आहे का?

भांड्यात पाणी टिकत नसेल, तर बहुतेक वेळा सीलच्या खाचेत कागदाचा लगदा किंवा क्षार अडकलेला असतो. हातमोजे घाला, पाणी बंद करा, पेडल दाबून झडप उघडी धरा आणि सीलची कड जुन्या टूथब्रशने वरून-खालून घासून काढा. नंतर सिलिकॉनचं वंगण लावा. व्हॅसलीन किंवा खाद्यतेल लावू नका, तेलाने रबर फुगतं आणि खराब होतं. एवढं करूनही पाणी उतरत असेल तर सील झिजलंय. ते बऱ्याच मॉडेलसाठी सुटं मिळतं.

मागच्या बाजूला पाणी दिसत असेल तर ते कधी येतं ते बघा. सतत झिरपत असेल तर पाण्याच्या झडपेवर किंवा नळीच्या जोडावर संशय घ्यायचा. हिवाळ्यात नळ्यांमध्ये पाणी राहून गोठलं, की प्लास्टिकची झडप तडकते. फक्त फ्लश करतानाच पाणी येत असेल तर व्हॅक्यूम ब्रेकर तपासा. भांड्यातलं घाण पाणी उलटं पिण्याच्या पाण्यात ओढलं जाऊ नये म्हणून बसवलेला तो छोटा भाग. हे दोन्ही भाग सुटे बदलता येतात.

भांडं पाण्याने भरलेलं असूनही वास येतोय, किंवा कमोडच्या बुडाशी ओल आहे? मग बहुधा कमोड आणि जमीन यांच्यामधलं सील गेलंय. कमोड उचलावा लागेल, पण नवं सील टाकून तोच परत बसवता येतो.

भांड्याला तडा गेलाय, पेडलची यंत्रणा तुटलीय आणि सुटे भाग मिळत नाहीत, किंवा बसायला उंची गैरसोयीची आहे, अशा वेळी मात्र नवा कमोड घेणं रास्त.

मोजपट्टी घेऊन जमिनीवर बसा

कोणता कमोड बसेल हे गाडीची जमीन ठरवते, जाहिरात नाही. जमिनीतल्या भोकाभोवती एक कडं असतं, त्याला फ्लँज म्हणतात. त्याच्या मध्यापासून मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर हे सगळ्यात महत्त्वाचं माप. ते घ्यायला कमोड काढावा लागत नाही. बुडाशी दोन्ही बाजूंना प्लास्टिकची झाकणं असतात, ती उघडली की बोल्ट दिसतात. दोन बोल्ट असतील तर ते सहसा भोकाच्या डाव्या-उजव्या बाजूला असतात. त्यांना जोडणाऱ्या रेषेपासून भिंतीपर्यंत मोजा. मागे पट्टी किंवा कप्पा पुढे आला असेल तर भिंतीपासून नाही, त्या पट्टीपासून मोजा. काही जुन्या कमोडांना चार बोल्ट असतात. तसं असेल तर नव्या कमोडची भोकं जुळतील का, हे घेण्याआधी विचारा.

दुसरं माप उंचीचं. बाजारात दोन ढोबळ गट आहेत: आसन साधारण १३ ते १४ इंचांवर येणारे बुटके आणि १७ ते १८ इंचांवर येणारे उंच. बुटके उगाच बनवलेले नाहीत. काही गाड्यांत कमोड टाकीवरच्या किंवा चाकावरच्या ओट्यावर असतो आणि तिथे उंच मॉडेल बसवलं तर पाय लोंबकळतात. त्यामुळे उंची कमोडच्या बुडापासून नाही, पाय जिथे टेकतात तिथून धरा. कमोड सपाट जमिनीवर असेल आणि घरात मोठी माणसं असतील तर उंचच घ्या, गुडघे दुवा देतील.

राहिलेल्या गोष्टी पटकन पाहून घ्या. दार उघडताना भांड्याला अडतं का, पेडल समोर हवं की बाजूला, आणि पाण्याची नळी भिंतीतून येते की जमिनीतून. बाजूला भिंत चिकटून असेल तर त्या बाजूचं पेडल पायाला सापडणारच नाही. झाकण उघडून मागे टेकतं का, हेही बघा. सतत खाली पडणारं झाकण फार छळतं.

प्लास्टिक, चिनी माती की आणखी काही?

प्लास्टिकचा कमोड हलका असतो. चिनी मातीचा कित्येक पट जड, पण स्वच्छ करायला सोपा, त्यावर ओरखडे पडत नाहीत आणि बसल्यावर डुगडुगत नाही. गाडीत वजनाचा हिशोब फार काटेकोर ठेवावा लागत नसेल तर चिनी मातीचा घ्यावा असं माझं मत आहे. हातफवारा जोडता येणारं मॉडेल मिळालं तर उत्तम, भांडं धुवायला कमी पाणी लागतं.

युरोपातल्या बहुतेक गाड्यांत मोठ्या टाकीऐवजी कॅसेट असते, म्हणजे साधारण १७ ते २० लिटरची बाहेर काढता येणारी पेटी. तिचं दार गाडीच्या बाहेरच्या भिंतीत कापलेलं असतं, म्हणून तिथे त्याच मापाचं मॉडेल घेणं हा जवळजवळ एकमेव शहाणपणाचा मार्ग. नाहीतर भिंतच कापावी लागते.

कंपोस्ट प्रकारात मूत्र आणि घन मैला वेगळा साठतो, पाणी लागत नाही, पण हवा बाहेर नेणारी नळी आणि छोटा पंखा लागतो. जमिनीतलं जुनं भोकही घट्ट बंद करावं लागतं. मैला दळून ढकलणारा प्रकार टाकी कमोडपासून दूर असेल तेव्हा उपयोगी, पण त्याला फ्यूजसह वेगळी वीजजोडणी द्यावी लागते. टाकी कमोडच्या थेट खाली असेल तर या दोन्हींच्या नादी लागण्याची गरज नाही. पुढच्या पायऱ्या त्याच साध्या, वजनावर चालणाऱ्या कमोडसाठी आहेत.

जुना काढताना

नवा कमोड, नवं फ्लँज सील आणि नवे बोल्ट हातात आल्याशिवाय जुन्याला हात लावू नका. याशिवाय पाने, सॉकेट, टॉर्च, चिंध्या, जाड कचरापिशवी, रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा लागेल.

१. मैल्याची टाकी अधिकृत ठिकाणी रिकामी करा आणि पाण्याने एकदा नीट खळाळून घ्या. ही पायरी टाळली तर पुढचं सगळं काम नकोसं होतं.

२. पाण्याचा पंप बंद करा, बाहेरून जोडलेला पाणीपुरवठाही तोडा. मग नळ उघडून दाब सोडा आणि पेडल दाबून भांडं रिकामं करा.

३. खिडकी उघडा, छतावरचा पंखा लावा. टाकीतला वायू नुसता घाणेरडाच नसतो, त्यात मिथेन असू शकतो. काडी, लायटर, सिगारेट काहीही जवळ नको.

४. मागची पाण्याची नळी सोडवा. खाली फडकं आणि वाटी ठेवा, थोडं पाणी येतंच.

५. नट सोडवा. गंजून अडकले असतील तर गंज सोडवणारा फवारा मारा आणि थोडा वेळ थांबा. जोर लावून फ्लँज मोडलात तर काम दुप्पट होईल.

६. कमोड सरळ वर उचला. चिनी मातीचा असेल तर दोघांनी मिळून. लगेच पिशवीत घाला.

७. भोकात मोठी चिंधी कोंबा आणि तिचं टोक बाहेर ठेवा. नट किंवा वॉशर टाकीत पडला तर तो सहज परत मिळत नाही.

आता जंतुनाशकाने जागा पुसून घ्या. ब्लीच वापरत असाल तर त्यात दुसरं कोणतंही क्लीनर, विशेषतः अमोनिया असलेलं, मिसळू नका. वाळलेल्या मूत्रातही अमोनिया असतो, म्हणून आधी पाण्याने जागा धुवून मगच ब्लीच घ्या.

फ्लँज आणि जमीन

इथे घाई करू नका. जुन्या सीलचा चिकटा खरवडून काढा आणि फ्लँज टॉर्चच्या उजेडात नीट पाहा. तडा, तुटलेला कान, सैल स्क्रू, काहीही दिसलं तर आत्ताच दुरुस्त करा. मग भोवतालच्या जमिनीवर पेचकसाचं टोक दाबून बघा. ते सहज आत रुततंय म्हणजे खालचं प्लायवूड कुजलंय. कुजक्या लाकडावर कितीही चांगला कमोड बसवला तरी तो हलेल, आणि हलला की सील फाटेल. तेवढा तुकडा कापून नवा बसवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

फ्लँजची वरची कड जमिनीपेक्षा साधारण पाव ते अर्धा इंच वर असावी. वर नवीन फरशीचा थर टाकला असेल तर ती खाली जाते आणि मग सील नीट दाबलं जात नाही. अशा वेळी जाड सील किंवा फ्लँज उंच करणारी चकती वापरतात. नक्की किती हवं ते नव्या कमोडच्या पुस्तिकेत असतं, तेच प्रमाण धरा.

सील रबराचंच घ्या. घरच्या कमोडखाली मेणाचं कडं चालतं, पण गाडी हादरते आणि उन्हात तापते, मेण सरकतं आणि फटी पडतात.

नवा बसवताना

नवे बोल्ट फ्लँजच्या खाचांत घालून समोरासमोर उभे करा. सील पुस्तिकेत सांगितलंय त्या बाजूने बसवा, बऱ्याच मॉडेलमध्ये ते कमोडच्या बुडाला बसतं. चिंधी काढा. ही आठवण उगाच दिलेली नाही.

कमोड बोल्टवर सरळ खाली उतरवा, डावी-उजवीकडे फिरवू नका. वर बसून अंगाच्या वजनाने सील दाबा. मग वॉशर आणि नट लावा: एकदा डावा अर्धा फेरा, एकदा उजवा अर्धा फेरा. कमोड हलायचा थांबला की थांबा. चिनी माती आणि प्लास्टिकचा फ्लँज, दोन्हींना जास्तीचा जोर सहन होत नाही. तडा गेला तर सगळं पुन्हा उचलावं लागेल. सगळं घट्ट करूनही डुलत असेल तर जमीन असमान आहे. प्लास्टिकच्या पातळ पाचरी घाला, नट आणखी आवळू नका.

पाण्याची नळी नवीच लावा. आत रबरी वॉशर असलेला जोड हाताने घट्ट करून पान्याने जेमतेम पाव फेरा पुरतो. अशा जोडाला टेफ्लॉन टेप लागत नाही.

बुडाभोवती सिलिकॉन लगेच भरू नका. गळत असेल तर पाणी बाहेर येऊन दिसलं पाहिजे, आत कोंडून प्लायवूड कुजवता कामा नये.

तपासणी

पंप सुरू करा आणि मागच्या जोडावर कोरडा टिश्यू फिरवा. ओला डाग पडला तर जोड किंचित आवळा. चार-पाच फ्लश झाले की बुडाभोवतीही तसाच टिश्यू फिरवा. मग भांडं अर्धं भरून रात्रभर ठेवा. सकाळी पाणी उतरलं असेल तर झडपेच्या सीलमध्ये कण अडकला असेल, ती साफ करा.

पहिल्या प्रवासानंतर झाकणं उघडून नट एकदा हाताने तपासा. रबर दबून ते थोडे सैल झालेले असू शकतात. तेव्हाही तोच नियम, दोन्ही बाजूंना थोडं थोडं. जमीन कोरडी असेल तर आता हवं तर सिलिकॉन भरा, मागची बाजू मात्र मोकळी सोडा.