बाभळीचं पान लघुपर्ण नव्हे! प्रॅक्टिकलला या चुका टाळा

लातूरकडच्या एका कॉलेजात तोंडी परीक्षा चालू होती. एका पोरानं बांधावरची बाभळीची फांदी पुढं केली, "सर, मायक्रोफिल." म्हणजे लघुपर्ण. बाहेरच्या परीक्षकांनी माझ्याकडं पाहिलं, मी खिडकीबाहेर. बाभळीचं जे बारीक दिसतं ती नुसती पर्णिका, पानाचा एक तुकडा. अख्खं पान दोनदा विभागलेलं, संयुक्त. त्याला सावरायला शेजारच्यानं ज्वारीचं पान काढलं, "मधोमध एकच शीर आहे की!" पान उन्हाकडं धरायला लावलं, तेव्हा समांतर शिरांच्या रेघा दिसल्या आणि दोघंही गप्प.

लघुपर्णात फाटे न फुटलेली एकच शीर असते, आणि ती खोडातून निघताना रंभात (खोडातल्या वाहक नळ्यांच्या गाभ्यात) फट पडत नाही. मापाचा संबंधच नाही. लेपिडोडेंड्रॉन या नामशेष झाडाची काही पानं मीटरभर लांब होती, तरी लघुपर्णंच. उत्तरात 'लहान' हा शब्द दिसला की मी अर्धा गुण कापतो. ओरडा खुशाल.

लघुपर्णाचा नमुना हवा तर जत्रेत जडीबुटीवाल्याकडं मुठीसारखी मिटलेली 'संजीवनी' मिळते, ती सेलाजिनेलाच, लघुपर्णं असलेली वनस्पती. रात्रभर पाण्यात ठेवा. तेवढाही दम नसलेले कोरडीच ब्लेडखाली घेतात आणि चुरा घेऊन येतात. शीर बघायला सेक्शन (पातळ काप) कशाला? मी तर पान अख्खंच स्लाइडवर ठेवतो.

पायविहिरीच्या पायऱ्यांवरचं मॉस आणू नका, त्याला खरी शीर नसते. इक्विसेटम या नेच्याच्या नात्यातल्या वनस्पतीचं पान एकशिरी, पण ते फाटे फुटलेल्या शिरांच्या पानाचं (बृहत्पर्णाचं) आक्रसलेलं रूप.

उत्क्रांतीच्या प्रश्नाला तर गाइडमधली शिडी ठरलेली: जीवाश्म वनस्पतींपैकी आधी सॉडोनियाचे बिनशिरेचे काटे, मग ॲस्टेरोक्सायलॉन, ज्याची शीर पानाच्या बुडाशीच थांबते, मग शीर पानात शिरलेली बॅरग्वानाथिया. वनस्पतिशास्त्रज्ञ बॉवरचा उद्वर्धाचा सिद्धांत (खोडावरचा उंचवटा वाढून त्यात शीर शिरली आणि पान झालं) समजायला ही मांडणी छान. पण पोरं तिला कालक्रम समजतात. ॲस्टेरोक्सायलॉन सापडलं ते स्कॉटलंडच्या ऱ्हायनीच्या चर्टमध्ये (जीवाश्म असलेल्या कठीण खडकात), सुमारे 40.7 कोटी वर्षांपूर्वीच्या. ऑस्ट्रेलियातली बॅरग्वानाथिया त्याहून जुनी, सिल्युरियन या भूशास्त्रीय काळाच्या अखेरची! नातू आजोबाच्या आधी जन्मला का? वनस्पतिशास्त्रज्ञ झिमरमननं तर उलटच मांडलं: फांद्यांचा झुबका आक्रसत एकशिरी पान झालं. दोन्ही लिहा. आणि लघुपर्ण वाढून नेच्याचं पान झालं, असं लिहिणाऱ्याचा पेपर मी पुढं वाचत नाही. ती पानं वेगळ्याच वाटेनं आली.