पार्किन्सन्समध्ये अंग उतरतंय? हार्मोनचं इंजेक्शन द्यायच्या आधी काय काय बघायचं

पार्किन्सन्सच्या पेशंटच्या मांड्या बारीक दिसायला लागल्या, खुर्चीतनं उठताना दोन्ही हात टेकावे लागले की घरात कोणीतरी हमखास म्हणतं, एखादं ताकदीचं इंजेक्शन का देत नाही. आणि देणारेही भेटतात, बरेचदा ते नॅन्ड्रोलोन असतं, टेस्टोस्टेरॉनच्याच जातीतलं अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड. बाईमाणसाला दिलं तर आवाज घोगरा होऊ शकतो आणि तो पुन्हा पहिल्यासारखा होईलच असं नाही. माझं स्पष्ट मत, टेस्टशिवाय असलं काही टोचून घेऊ नका.

आधी मोजा. पेशंटला खुर्चीत बसवा, पावलं जमिनीवर सपाट, आणि पोटरी जिथे सगळ्यात जाड आहे तिथे शिंप्याची टेप न आवळता गुंडाळा. पुरुषात 34 सेंटीमीटरच्या खाली, बाईत 33 च्या खाली आलं तर मसल कमी झाल्याची शंका घ्यायची. पण पाय सुजलेले असतील (पार्किन्सन्सच्याच अमँटाडिन या औषधाने किंवा बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिनने घोटे सुजतात) तर हा आकडा फसवा. मग हात छातीवर घडी घालून पाच वेळा उठबस करायला लावा, कोणीतरी बाजूला उभं राहा. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर शरीराची कार्यक्षमता कमी आहे असं आशियाई लोकांसाठीच्या निकषात धरतात, फक्त पार्किन्सन्समध्ये हालचालच हळू असते त्यामुळे गोळीचा असर चांगला असताना, म्हणजे 'ऑन'मध्येच मोजा नाहीतर मसल आणि आजार यांची गल्लत होते.

आता वजन का उतरतंय ते शोधा, आणि इथेच बहुतेक वेळा उत्तर सापडतं. वास येत नाही म्हणून जेवणात चव नाही, बद्धकोष्ठ, गिळताना ठसका, डिस्कायनेशियामुळे (आपोआप होणाऱ्या वेड्यावाकड्या हालचालींमुळे) दिवसभर अंग हलत राहून कॅलरी जळतात, मन उदास. आणि एक घोळ आपणच घालतो, प्रोटीनने गोळी चालत नाही असं कुठेतरी ऐकून डाळ, अंडी, दूध सगळं बंद करून टाकतो. लेव्होडोपा (पार्किन्सन्सचं मुख्य औषध, सिंडोपा गोळीत हेच असतं) आणि प्रोटीन आतड्यातनं आणि पुढे मेंदूत एकाच वाटेने जातात हे खरं, पण त्यावर उपाय वेळेचा आहे, उपाशी ठेवायचा नाही. सिंडोपा जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने, आणि तरीही दुपारी गोळी फेल जात असेल तर न्यूरोलॉजिस्टला विचारून प्रोटीनचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात न्या. दिवसाचं एकूण प्रोटीन वजनाच्या किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम यायलाच हवं, किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तेवढंच. आणि हो, लोहाची गोळी सिंडोपासोबत देऊ नका, असर कमी होतो.

मग रक्त तपासा. टीएसएच ही थायरॉइडची टेस्ट, कारण थायरॉइडचं हार्मोन वाढलं तरी वजन उतरतं आणि हात थरथरतात. शुगर, बी-12, व्हिटॅमिन डी. डी कमी निघालं तर 60,000 युनिटचं सॅशे डॉक्टरांनी सांगितलं तितके आठवडेच, काही घरांत ते वर्षभर चालूच असतं आणि मग कॅल्शियम वाढून बद्धकोष्ठ आणखी वाढतं, माणूस गोंधळल्यासारखा वागतो, आपल्याला वाटतं आजार वाढला.

पुरुष असेल आणि थकवा, लैंगिक इच्छा कमी होणं अशी लक्षणं असतील तर टेस्टोस्टेरॉन. सकाळी, उपाशीपोटी आणि दोन वेगवेगळ्या दिवशी, एका रिपोर्टवर विश्वास ठेवायचा नाही. साधारण 300 ng/dL च्या खाली दोन्हीदा आलं तर एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे (हार्मोनच्या डॉक्टरकडे) जा. पार्किन्सन्सच्या 30 पुरुषांवर केलेली एक छोटी ट्रायल 2006 साली आली होती, त्यात टेस्टोस्टेरॉन आणि खोटं इंजेक्शन यात ठळक फरक दिसला नाही, म्हणजे हे पार्किन्सन्सचं औषध नाही, खरोखर कमतरता असेल तर ती भरून काढायची एवढंच. प्रोस्टेटचा कॅन्सर, नुकताच हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक, झोपेत श्वास अडकण्याचा न सांभाळलेला त्रास असेल तर देत नाहीत. सुरू करण्याआधी पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) आणि हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण), नंतर तीनेक महिन्यांनी परत. हिमॅटोक्रिट 54 टक्क्यांच्या वर गेलं तर रक्त घट्ट होतंय, डोस थांबवतात.

जेल दिलं असेल तर एक गोष्ट कोणी सांगत नाही. पार्किन्सन्सच्या माणसाला शर्टाची बटणं बायकोच लावते, नातवंडं खांद्यावर लोळतात, आणि जेल खांद्यालाच लावलेलं असतं, ते त्यांच्या अंगाला लागून त्यांच्यावर असर करतं. लावणाऱ्याने ग्लोव्ह घाला, वाळू द्या, मग कपडा घाला.

ग्रोथ हार्मोन, ऑनलाइन मिळणारं डीएचईए (हेही एक हार्मोनच), यांच्या नादाला लागू नका. ग्रोथ हार्मोनने सूज येते, शुगर वाढते, आणि खर्च वेगळाच.

हार्मोन दिलं तरी व्यायामाशिवाय मसल कामाला येत नाही. आठवड्यातनं दोनदा वजन लावून व्यायाम, 'ऑन'मध्येच, फिजिओसमोर, आणि वजन हळूहळू वाढवत न्यायचं. 2013 मध्ये आलेल्या ट्रायलमध्ये असा वाढत जाणारा व्यायाम दोन वर्षं केलेल्यांची औषध न घेता तपासलेली हालचालही सुधारलेली दिसली. सहा महिन्यांनी तीच टेप, तीच खुर्ची, तीच वेळ धरून परत मोजा आणि काहीच फरक नसेल तर इंजेक्शन चालू ठेवायचं कशासाठी हे डॉक्टरांना विचारा, फक्त स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका कारण बाहेरून हार्मोन मिळत असताना शरीराचं स्वतःचं बनणं मंदावलेलं असतं आणि ते परत सुरू व्हायला वेळ लागतो.