शंकेखोर माणसानं विपश्यनेला जाताना

इगतपुरीच्या धम्मगिरीवर किंवा दुसऱ्या कुठल्या केंद्रावर दहा दिवसांच्या विपश्यनेच्या, म्हणजे ध्यानाच्या, शिबिराला जायला श्रद्धा लागत नाही, फीही नाही. सांगितलेलं दहा दिवस करून बघायचं आणि निकाल अकराव्या दिवशी द्यायचा, एवढंच. शंकेखोर माणूस तो दुसऱ्याच दिवशी देऊन मोकळा होतो, आणि तोही बहुधा गुडघ्यांच्या सांगण्यावरून.

म्हणून आधी गुडघे. दोन आठवडे रोज २०-३० मिनिटं मांडी घालून बसा. रात्रीचं जेवणही हळूहळू कमी करा. तिथं जेवण सकाळी ११ला, आणि संध्याकाळी ५ला नव्या साधकाला चहा आणि थोडा हलका खाऊ. उठायचं पहाटे ४ला. अर्जात मानसिक आजार, चालू औषधं लपवू नका. गंभीर मानसिक आजार असेल तर हे शिबिर तुमच्यासाठी नाही.

पहिले साडेतीन दिवस आनापान: नाकपुड्यांखाली, वरच्या ओठाच्या वर, सहज येणारा-जाणारा श्वास बघायचा. प्राणायामाची सवय असलेले इथं हमखास चुकतात. ते श्वास ओढायला लागतात आणि डोकं जड होतं. श्वास जाणवतच नसेल तर दोन-चार मुद्दाम जोरात घ्या, मग सोडून द्या.

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना सुरू होते. डोक्यापासून पायापर्यंत एकेका भागावरची संवेदना बघत जायचं. काहीच कळत नसेल तिथं मिनिटभर थांबून पुढं सरका. अडून बसलात तर तासभर एका खांद्यातच जातो. त्यानंतर रोज तीन वेळा तासभर न हलता बसायचं असतं, ते अधिष्ठान. दात-ओठ खाऊन बसू नका. अगदीच असह्य झालं तर पाय बदला, कुणी रागवत नाही.

आता शंका. बुद्धपरंपरेत ध्यानाचे जे पाच अडथळे सांगितलेत, त्यांत विचिकिच्छा, म्हणजे शंका, हा एक. हे ऐकून शंकेखोराला आपलं तोंडच बंद केल्यासारखं वाटतं, आणि ते अगदीच चूक नाही. उपाय असा की शंकांचे दोन ढीग करा. ‘कुठं बघायचं, कसं बघायचं’ या शंका दुपारी १२ ते १ किंवा रात्री ९ला आचार्यांना विचारा. पुनर्जन्म, कलाप (म्हणजे पदार्थाचे अतिसूक्ष्म कण), पाली पठण यांचा ढीग बाजूला ठेवा. श्वास बघायला त्यांची गरज पडत नाही. रात्रीच्या प्रवचनात भौतिकशास्त्र तर शोधूच नका.

निघून जावंसं वाटलं तर तो निर्णय रात्री घेऊ नका, दुसऱ्या दिवशी दुपारी आचार्यांशी बोला. मात्र सलग झोप उडाली, भीतीचे झटके आले किंवा भास व्हायला लागले, तर दुपारची वाट न बघता लगेच सांगा आणि खुशाल घरी जा.

सुरुवातीपासून पाळलेलं मौन दहाव्या दिवशी सुटतं आणि ज्याच्या त्याच्या तोंडी अंगातून वाहिलेल्या संवेदनांच्या लहरी. त्या मोजमापाला धरू नका. दान ऐच्छिक असतं. आतल्या आत हिशेब जुळला नसेल तर त्या दिवशी पाकीट उघडायची घाई नको, नंतर पाठवलं तरी चालतं.