टेक्सासचा एकोणिसाव्या शतकातला नकाशा वाचताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त फसवतं ते नकाशावरचं वर्ष. खालच्या कडेला बारीक अक्षरात ‘काँग्रेसच्या कायद्यानुसार १८५५ साली नोंदणी’ अशा अर्थाची ओळ असते आणि आपण बिनधास्त १८५५ चा नकाशा म्हणून मोकळे होतो. ते वर्ष कॉपीराइटच्या नोंदणीचं असतं, छपाईचं नव्हे. कोल्टनसारखे प्रकाशक छपाईची तीच कोरलेली प्लेट दुरुस्त करून पुढे कित्येक वर्षं छापत आणि ती ओळ बऱ्याचदा तशीच राही.

म्हणून वय काउंट्यांवरून, म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यांसारख्या विभागांवरून काढा. पॅनहँडलमध्ये, म्हणजे राज्याच्या उत्तरेला वर निघालेल्या चौकोनी टोकात, चौकोनी काउंट्यांची जाळी दिसली, तर नकाशा १८७६ च्या आधीचा असूच शकत नाही. त्या वर्षी विधिमंडळाने तिथे आणि त्याच्या दक्षिणेच्या मैदानात मिळून एकदम ५४ काउंट्या आखल्या. ईशान्येची कॅस काउंटी १८६१ ते १८७१ या काळात डेव्हिस नावाने ओळखली जायची. रिओ ग्रांदे नदीच्या मोठ्या वळणापाशी बुकेल आणि फोली ही नावं आली, तर नकाशा १८८७ नंतरचा. १८९७ मध्ये दोन्ही ब्रूस्टर काउंटीत विलीन झाल्या. मात्र उलटा तर्क लावू नका. एखादी काउंटी दिसत नाही किंवा जुनंच नाव आहे, एवढ्यावरून नकाशा जुना ठरत नाही, कारण न्यूयॉर्क-फिलाडेल्फियाच्या छापखान्यांत दुरुस्त्या उशिराच पोचत. सर्वांत नवी काउंटी कोणती, ते शोधा. नकाशा तिच्याआधीचा नाही, एवढं पक्कं.

दुसरी मोठी चूक सीमेची. लंडनच्या जॉन ॲरोस्मिथने १८४१ मध्ये छापलेल्या नकाशात टेक्सास आज न्यू मेक्सिकोत असलेल्या सांता फेला पोटात घेऊन पार उत्तरेकडे निमुळता होत गेलेला दिसतो. तो तेव्हा स्वतंत्र देश असलेल्या टेक्सास प्रजासत्ताकाचा दावा होता, ताबा नव्हे. त्याच १८४१ मध्ये सांता फेकडे निघालेली टेक्सासची मोहीम मेक्सिकोने कैद केली. पुढे अमेरिकेत सामील झाल्यावर, काँग्रेसच्या १८५० च्या तडजोडीत टेक्सासने हा दावा १ कोटी डॉलर घेऊन सोडला. रंग भरला म्हणजे राज्य होतं, असं समजून इतिहास लिहिणारे बरेच भेटतात, आणि ते खरंच खटकतं.

ग्रीअर काउंटीचंही तसंच. ती टेक्सासच्या नकाशात दिसली की छपाईची चूक समजू नका. अमेरिका आणि स्पेनच्या १८१९ च्या तहातली हद्द रेड नदीने १०० व्या रेखांशापर्यंत जायची, तीही नकाशाकार जॉन मेलिशच्या नकाशाप्रमाणे. मेलिशने तो रेखांश खूपच पूर्वेला काढला होता. शिवाय प्रत्यक्षात नदीला निघाले दोन फाटे! उत्तरेचा फाटा मुख्य, असं म्हणत टेक्सासने मधल्या पट्ट्यात १८६० मध्ये काउंटी केली. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल टेक्सासविरुद्ध दिला आणि आज तो मुलूख ओक्लाहोमात आहे.

रेखांश वाचतानाही सावध राहा. कित्येक नकाशांत वरच्या कडेला ग्रीनिचपासूनचे आणि खालच्या कडेला वॉशिंग्टनपासूनचे आकडे असतात. फरक साधारण ७७ अंशांचा, म्हणजे खालचा २३ म्हणजे वरचा १००. कुठली कड कशाची, ते आधी बघून घ्या.

स्कॅनवर ‘एक इंचाला इतके मैल’ हे प्रमाण कामाचं नाही, कारण प्रतिमा लहानमोठी झालेली असते. छापलेली मोजपट्टी वापरा.

क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक-प्रणालीत जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवताना नदीची वळणं खुणेसाठी घेऊ नका. एल पासोपाशी रिओ ग्रांदेने पात्र बदललं आणि त्यावरून अमेरिका आणि मेक्सिकोत पेटलेला चामिझाल या पट्ट्याचा वाद १९६३ च्या तहापर्यंत चालला. किनाऱ्यावरचं इंडियानोला बंदर तर १८७५ आणि १८८६ च्या चक्रीवादळांत उद्ध्वस्त झालं. आजही जागेवर असलेली काउंटीची जुनी मुख्य गावं घ्या. पूर्व भाग नीट बसूनही पश्चिम सरकत असेल, तर खुणा वाढवत बसू नका. पश्चिमेची मोजणी उशिरा आणि विरळ झाली होती. तो भाग वेगळा कापून स्वतंत्र बसवा.